शक्य असल्यास तळमजला

घरी ज्या खोलीत आपण वर्षानुवर्षे निजतो तिची खिडकी नेमक्या कोणत्या दिशेला उघडते, असे कोणी अवचित विचारले तर उत्तरासाठी क्षणभर सूर्य आठवावा लागतो. पण थंड हवेच्या ठिकाणी तीन दिवसांकरिता खोली घ्यावयाची म्हटली, की आपण एकदम वास्तुशास्त्रज्ञ होतो. खोलीला पूर्वेचा उजेड हवा. ती जिन्यालगत नको, कारण पावले वाजतात. भोजनगृहाजवळ हवी, पण फोडणीचा वास मात्र यावयास नको. शेजार सज्जन असावा आणि पहाटे पाचला नळाला कढत पाणी यावे. जन्मभर मिळेल त्या चाळीत आणि मिळेल त्या सरकारी वसाहतीत राहिलेला मनुष्य तीन दिवसांच्या भाड्यात जन्माचे उट्टे काढू पाहतो. आम्हीही या नियमाला अपवाद नाही.

हॉटेलातील खोली राखून ठेवण्याचे काम आता घरबसल्या मोबाईलवर होते. नाव, वय, तारखा आणि पैसे यांचे रकाने भरून झाले, की अखेरीस एक मोकळी चौकट येते. आपली काही विशेष विनंती असल्यास ती येथे लिहावी, असे तीत सुचविलेले असते, आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत हेही नमूद असते, की विनंती मान्य होईलच अशी हमी देता येत नाही. सरकारी नोकरीत बारा वर्षे काढलेल्या मनुष्यास ही चौकट पाहून अगदी आपल्या माणसांत आल्यासारखे वाटते. विनंती करण्यास पूर्ण मुभा, ती मान्य करण्याचे बंधन कोणावरही नाही. याहून सुबक व्यवस्था आमच्या खात्यालाही साधलेली नाही.

आमच्या मेजावर येणारे काम याच जातीचे आहे. विनंती बदल्यांच्या अर्जांची छाननी करून, त्यावर टिपणी लिहून, त्या नस्त्या वर पाठविणे हे आमचे कर्तव्य. परप्रांती राहणाऱ्या वाचकांस विनंती बदली म्हणजे काय हे सांगावयास नको. प्रशासनाने आपल्याला हलविले तर प्रवासभत्ता मिळतो. आपण होऊन हलावयाचे म्हटले तर तो मिळत नाही, आणि तरीही अर्जांचा ओघ आटत नाही. 'कौटुंबिक अडचणींमुळे' अशी सुरुवात आणि 'पुणे, ते शक्य नसल्यास मुंबई' असा शेवट. मधल्या जागेत काय असते ते आम्ही क्वचितच वाचतो; कारण तेथे बहुधा काही लिहिलेलेच नसते. या अर्जांमध्ये चार वर्षांपासून आमचाही एक अर्ज आहे.

तो अर्ज आईसाठी होता. आमची आई मिरजेला एकटी राहते. वय बहात्तर, गुडघे त्याहून थोडे वडील. तिने दिल्लीस येऊन राहावे असा आमचा आग्रह गेली सहा वर्षे चालू आहे. दोनदा ती आली आणि दोन्ही वेळा पंधरा दिवसांच्या आत परतली. "दिल्लीची हवा मला मानवत नाही," असे तिने सांगितले. दिल्लीच्या हवेची कीर्ती आज अशी आहे, की या कारणाची शहानिशा करण्याची गरज कोणासही वाटू नये. आम्हीही ती केली नाही. आई दिल्लीला येत नाही, तर आपण पुण्याला जावे, असा सरळ हिशेब मांडून आम्ही अर्ज केला आणि निश्चिंत मनाने वाट पाहत बसलो.

हिमालय एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढी एकच इच्छा तिने कधीतरी बोलून दाखविली होती. म्हणून गेल्या वर्षी नवरात्र आणि दिवाळी यांच्यामधल्या दिवसांत तिला घेऊन कुमाऊंतील कौसानीला जाण्याचे ठरले. सुमारे १,८९० मीटर उंचीवरचे हे लहानसे गाव; समोर त्रिशूळ, नंदादेवी, पंचचुली अशी शिखरांची रांग. पावसाळा सरल्यावर तेथील आकाश धुऊन निघते, आणि म्हणूनच त्या दिवसांत तेथे जागा मिळणे कठीण. आम्ही महिनाभर आधी खोली राखून ठेवली आणि त्या मोकळ्या चौकटीत सात विनंत्या लिहिल्या. आईच्या गुडघ्यांचा विचार करून पहिली विनंती 'शक्य असल्यास तळमजला' ही, तिच्या इच्छेचा विचार करून दुसरी 'हिमालय दिसावा' ही. उरलेल्या पाच आमच्या चोखंदळपणाच्या. सौ.ने ती यादी वाचली आणि म्हणाली, "इतकं तर आपण लग्न ठरवतानाही विचारलं नव्हतं."

आई मिरजेहून सकाळी निजामुद्दीनला उतरली. काठगोदामची गाडी रात्रीची होती. "दिवसभर इथंच स्टेशनावर बसू की," ती म्हणाली, "घरी कशाला जायचं आणि परत यायचं?" आम्ही हा तिचा काटकसरी स्वभाव समजून तो हसण्यावारी नेला आणि रिक्षा करून तिला घरी नेले. पहाटे काठगोदामला उतरून मोटारीने भवाली, खैरना, अल्मोडा, सोमेश्वर असे करीत, वाटेत अल्मोड्याची बालमिठाई घेत, साडेअकराच्या सुमारास आम्ही कौसानीच्या त्या हॉटेलच्या दारात उभे राहिलो.

आमची विनंती मान्य झाली होती. स्वागतकक्षातील गृहस्थांनी किल्ली पुढे ठेवीत हसून सांगितले, "तळमजला, हिमालयाकडे तोंड." सफाईची मंडळी खोली नुकतीच तयार करून गेली होती. सामान घेऊन नोकर पुढे निघाला, आणि त्याच्यामागून आम्ही दारापर्यंत जाऊन थबकलो. समोर जिना होता, आणि तो खाली जात होता.

डोंगरातील इमारत आपल्याकडच्या इमारतीच्या उलट असते, हे आमच्या ध्यानात यावयास हवे होते. सपाटीवर घर जमिनीपासून वर चढते. डोंगरात ते रस्त्यापासून खाली उतरत जाते. रस्त्याच्या पातळीवर स्वागतकक्ष आणि सर्वांत वरचा मजला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा, आणि सर्वांत खाली, देवदारांच्या शेंड्यांशी गोष्टी करीत, तळमजला. पायऱ्या ४४. पाळणा नाही.

आई कठड्याला हात टेकून खाली पाहत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. ओळखीचे काही दिसावे तशी ती किंचित हसली आणि म्हणाली, "तुझ्या दिल्लीच्या घरासारखंच आहे की रे. तिथं आधी चढायचं, इथं आधी उतरायचं."

तिचे हे वाक्य आम्ही ऐकले, पण ते आत गेले नाही. आम्ही रागावण्याच्या घाईत होतो. तसेच स्वागतकक्षाकडे वळून आम्ही त्या गृहस्थांस विचारले, की विनंती वाचण्याची आपल्याकडे पद्धत आहे की नाही.

कुमाऊंत जोशी आणि पंत ही आडनावे आपल्याकडच्याइतकीच सर्रास आढळतात, आणि तेथील पंत घराणी आपले मूळ महाराष्ट्रात सांगतात. हिंदी कवी सुमित्रानंदन पंत १९०० साली जन्मले ते याच कौसानीत. समोरच्या गृहस्थांच्या कोटावर या दोहोंपैकीच एक आडनाव होते. वय आमच्याहून दहाएक वर्षांनी अधिक. आणि कपाळावर, कोणत्याही खिडकीमागे वीस वर्षे बसलेल्या मनुष्याच्या कपाळावर असतात तशा, शांत आठ्या. त्यांनी एक कागद आमच्याकडे वळविला. ती त्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांची यादी होती. आमच्या नावापुढे शेऱ्याच्या अरुंद रकान्यात दोनच शब्द मावले होते: तळमजला, हिमालय. "वाचली आणि पुरीही केली," ते म्हणाले. "गुडघे कोठेच लिहिलेले नाहीत."

आमच्यापाशी उत्तर नव्हते. सात विनंत्यांच्या त्या यादीत आम्ही कढत पाण्याची वेळ लिहिली होती; आईचे गुडघे लिहिले नव्हते. अडचण न लिहिता आम्ही तिच्यावरचा उपाय लिहिला होता, आणि तोही सपाटीवरचा.

ते गृहस्थ मेजाबाहेर आले आणि आम्हाला ओलांडून आईपाशी गेले. आपल्याला काय हवे, असे त्यांनी तिलाच विचारले. आईने मिरजेच्या हिंदीत दोन वाक्यांत सांगितले, "सीढ़ी नको. बर्फ दिखना." त्यांनी मान डोलावली, तिला उन्हात खुर्ची दिली, चहा मागविला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "मला दोन तास द्या."

ते दोन तास आम्ही त्यांच्या मेजाशी उभे राहून काढले. एका कारकुनाने दुसऱ्याचे काम पाहण्यात जो आनंद असतो तो अधिकाऱ्यांना कळणार नाही. खोल्यांचे वाटप कसे होते ते त्यांनी आम्हाला यादी आणि पेन्सिल हाती घेऊन दाखविले.

पाहुणा खोली राखून ठेवतो असे आपण समजतो. वस्तुतः तो राखून ठेवतो खोलीचा प्रकार. रेल्वेच्या वातानुकूलित प्रथम वर्गाचे तिकीट पक्के झाले तरी कक्ष कोणता हे तक्ता तयार होताना ठरते, तसेच हे. खोलीचा क्रमांक आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळी पडतो. आधी बसविली जातात ती मोठी माणसे, म्हणजे मानाने मोठी नव्हेत, तर बसविण्यास अवघड: शेजारशेजारच्या सहा खोल्या मागणारा बंगाली मंडळींचा जथा, मधले दार उघडणाऱ्या दोन खोल्या हव्या असलेले कुटुंब, आठवडाभर राहणारा पाहुणा. त्यांच्यानंतर विनंत्या पाहावयाच्या. ज्यांनी काहीच मागितलेले नाही ते उरलेल्या फटींत.

आणि या फटीच खऱ्या डोकेदुखीच्या. तीन रात्री राहणाऱ्याला एकच खोली सलग तीन रात्री मोकळी लागते. दोन नोंदींच्या मध्ये एका रात्रीची फट राहिली तर तेथे एका रात्रीचाच पाहुणा बसतो. वाटप निष्काळजीपणाने केले, तर हॉटेलात रोज रात्री एक खोली रिकामी असते आणि तरीही तीन रात्रींसाठी आलेल्याला 'जागा नाही' असे सांगावे लागते. हे ऐकताना आम्हाला कार्यालयातील रजेचा तक्ता आठवला. तेथेही प्रत्येकाची रजा स्वतंत्रपणे मंजूर करण्याजोगी असते. सर्वांची मिळून नसते.

त्यात घड्याळाची भर. जाणारा अकराला खोली सोडतो, येणाऱ्याला ती एकला द्यावयाची. मधल्या दोन तासांत सारी झाडलोट. प्रत्येक खोलीच्या चार अवस्था: भरलेली, रिकामी पण न झाडलेली, झाडलेली पण न तपासलेली, आणि तयार. जो साडेअकराला येऊन ताबडतोब खोली मागतो त्याच्यासाठी निवड असते ती केवळ तयार खोल्यांतून. त्याला हवी असलेली खोली त्या घटकेला अस्तित्वात असते, पण तिच्यात दुसरा कोणी दाढी करीत असतो. "बहुतेकांना थांबणे नको असते," ते म्हणाले, "आणि मग दुपारभर खिडकी नावडते."

विनंती कशी करावी तेही त्यांनी सांगितले. ती एकच असावी. सात गोष्टी मागणाऱ्याची सर्वांत निकडीची कोणती हे कळत नाही, आणि कळत नसले की सर्वांत सोपी ती पुरी केली जाते. जी वस्तू हॉटेल वेगळ्या दराने विकते, ती विनंतीच्या रकान्यात फुकट मागू नये. येण्याच्या एक-दोन दिवस आधी दूरध्वनी करून कारण सांगावे. "कारण कळले," ते म्हणाले, "तर तुम्ही मागितलेली खोली नसली तरी तुमच्या उपयोगाची मी शोधू शकतो. नुसती खोली मागितलीत, तर ती एक आहे किंवा नाही."

हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले आणि ते पुन्हा यादीकडे वळले. आमच्या डोळ्यांसमोर मात्र 'पुणे, ते शक्य नसल्यास मुंबई' अशा शेवटांची एक लांबलचक ओळ उभी राहिली.

रस्त्याच्या पातळीवर आमच्याच दराची एक कोपऱ्यातील खोली होती. तिला पायऱ्या नव्हत्या, पण शेजारच्या पडवीच्या भिंतीने तिचा निम्मा हिमालय कापला होता. म्हणून ती त्या दरात. ती दोन रात्रींसाठी एका तरुण जोडप्याच्या नावे पडलेली होती, आणि तिसऱ्या रात्री तिच्यात आणखी कोणी यावयाचा होता. गृहस्थांनी जोडप्याला आमच्या तळमजल्यावर पाठविले, तिसऱ्या रात्रीच्या पाहुण्याला मधल्या मजल्यावर, आणि तेथील एका रात्रीच्या नोंदीला आणखी कोठे. आमच्या दोन न लिहिलेल्या शब्दांपायी तीन नोंदी हलल्या.

दुपारी ते जोडपे आले. त्यांनी काहीच मागितले नव्हते. म्हणून त्यांना ४४ पायऱ्या. पाठीवर पिशव्या टाकून ते धावतच खाली गेले आणि संध्याकाळी, खालून झाडांच्या शेंड्यांवरून अखंड हिमालय दिसतो, असे आम्हालाच उत्साहाने सांगू लागले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्यांच्या जागी न मागणारे कोणी म्हातारे जोडपे असते तर? यादीत त्यांच्याही नावापुढचा रकाना असाच कोरा दिसला असता. काही नको असलेल्याचा आणि काही बोलत नसलेल्याचा रकाना सारखाच कोरा असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तेव्हा आई शाल पांघरून खिडकीशी बसलेली होती. ७,१२० मीटर उंचीचा त्रिशूळ आधी करडा, मग गुलाबी, मग एकदम पिवळा झाला. पडवीच्या भिंतीमुळे त्याचे एक टोक दिसत नव्हते. आम्ही अपराधी स्वरात तसे म्हणालो. "दोन दिसतात ना," आई म्हणाली, "तिसरं असणारच तिथं."

त्याच सकाळी आम्ही अनासक्ती आश्रमात गेलो. १९२९ च्या जून महिन्यात गांधीजी कौसानीला राहिले होते, आणि गीतेच्या आपल्या गुजराती अनुवादाची, 'अनासक्तियोगा'ची, प्रस्तावना त्यांनी येथे लिहिली. जेथे अनासक्तीवर लिहिले गेले त्या गावी आपण खिडकीसाठी भांडलो, याची थोडी लाज वाटली. आईला विनोबांची 'गीताई' तोंडपाठ आहे. ती अंगणात हात जोडून बराच वेळ उभी राहिली. परत निघताना आम्ही तिला विचारले, "आई, तुला दिल्लीची हवा मानवत नाही, की जिना?"

ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "हवेचं काय, हवा सगळ्यांनाच आहे. पण तुझ्या घराच्या चोपन्न पायऱ्या. मी मोजल्यात. एकदा वर गेलं की दिवसभर वरच. खाली भाजीवाला ओरडतो, बायका बाकावर बसतात, मी गॅलरीतून बघते. मिरजेत निदान दारात तरी बसता येतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? 'दिल्लीला येतेस का' एवढंच विचारायचास. आणि घर सरकारनं दिलेलं. ते काय तू तिसऱ्या मजल्यावर बांधलंस?"

सहा वर्षे आम्ही तिला एक गाव देऊ करीत होतो आणि चार वर्षे सरकारकडे दुसरे गाव मागत होतो. अडचण गावाची नव्हतीच. ती तीन जिन्यांची होती, आणि त्यावरचा उपाय आमच्याच वसाहतीत, आमच्याच इमारतीच्या पायथ्याशी असू शकत होता. रोज दुसऱ्यांच्या अर्जांवर 'कारण पुरेसे स्पष्ट नाही' असा शेरा मारणाऱ्या आम्ही आपल्या अर्जाचे कारण स्वतःलाच कधी विचारले नव्हते.

दिल्लीस परतल्यावर निवासस्थान बदलून मिळण्यासाठी आम्ही अर्ज केला. या वेळी वय लिहिले, गुडघे लिहिले, पायऱ्यांची संख्या लिहिली, वैद्यकीय दाखला जोडला. मागणीची ओळ अगदी अखेरीस, आणि ती एकच. पुण्याचा अर्ज मागे घेतलेला नाही. मराठी मनुष्य तेवढा अनासक्त होऊ शकत नाही. कार्यालयात अस्पष्ट अर्ज आला की आता आम्ही अर्जदाराला दूरध्वनी करून, अडचण नेमकी काय आहे, एवढे विचारतो आणि टिपणीत ते एका परिच्छेदात लिहितो. त्यामुळे निकाल बदलतातच असे नाही. पण वरच्या अधिकाऱ्यासमोर जाताना नस्तीत निदान एक मनुष्य असतो.

आमच्या अर्जाचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. मागच्या रविवारी वसाहतीतले एक रिकामे होऊ घातलेले तळमजल्याचे घर आम्ही बाहेरूनच पाहून आलो आणि रात्री आईला फोन केला. खोल्या किती, ऊन येते का, शेजार कसा, हे सारे सांगण्याची आम्ही तयारी केली होती. तिने एकच विचारले.

"पायऱ्या किती?"

"दाराशी तीन."

पलीकडे क्षणभर ती काही बोलली नाही. बहुधा मनातल्या मनात चढून पाहत असावी.

"तीन चालतील," आई म्हणाली.